बोली, भिडू आणि नियम: ब्रिज खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लबात शेवटचा बोर्ड संपला की चहा घेताना जे प्रश्न निघतात, त्यांतले बरेचसे इथे आहेत. अलीकडे फोनवर रोबोला भिडू घेऊन खेळणाऱ्यांचे प्रश्नही वाढलेत, तेही घेतले आहेत. नियमांचे संदर्भ डुप्लिकेट ब्रिजच्या (तोच डाव अनेक टेबलांवर खेळवतात तो प्रकार) २०१७ सालच्या नियमावलीतले आहेत. ब्रिजचे अगदी प्राथमिक नियम वाचणाऱ्याला माहीत आहेत असं धरलं आहे.

मी लहानपणापासून मेंढीकोट खेळत आलोय. भिडू आहे, हुकूम आहे, हात मोजायचे आहेत. मग ब्रिज एवढा वेगळा का वाटतो?

पानं खेळण्याचा सराव तुमच्याकडे आहेच, तो कामी येईल. फरक भिडूशी बोलण्यात आहे. मेंढीकोटात समोरच्या भिडूला भुवई उडवून, खोकून, पान जरा जोरात आपटून काहीतरी सांगणं घरोघरी चालतं आणि त्यात मजाही असते. ब्रिजमध्ये भिडूशी बोलायला दोनच गोष्टी मिळतात: तुमची बोली आणि तुम्ही टाकलेलं पान. त्या भाषेत जेमतेम ३८ शब्द आहेत. १ किलवरपासून ७ नो ट्रम्पपर्यंत ३५ बोल्या, शिवाय पास, डबल आणि रिडबल. एवढ्यात तेरा पानांचं वर्णन करायचं, आणि तेही समोरच्या जोडीला त्याचा अर्थ कळेल अशा रीतीनं. तुमच्या बोलीचा ठरलेला अर्थ विचारायचा त्यांना हक्क आहे. खाली जे वाद येतात, ते बहुतेक या एका गोष्टीतून निघतात.

पॉइंट नीट मोजतो, तरी बोली चुकते. पानांची पारख म्हणजे नेमकं काय?

एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ हे मोजमाप सोयीचं आहे, पण ते पानांची जागा पाहत नाही. हे दोन संच पाहा.

पहिला: इस्पिक एक्का, राणी, १०, ९, ५, बदाम एक्का, १०, ९, ८, ४, चौकट ७, किलवर ६, ३. पॉइंट फक्त १०.

दुसरा: इस्पिक राणी, गुलाम, ४, बदाम राजा, गुलाम, ३, चौकट राणी, गुलाम, ५, २, किलवर राणी, ८, ४. पॉइंट १२.

मी पहिला संच १ इस्पिकनं उघडतो आणि दुसरा पास करतो. पहिल्यात दोन एक्के आहेत, दोन पाचपानी रंग आहेत, आणि ९-१० सारखी मधली पानं मोठ्या पानांना धरून आहेत. दुसऱ्यात सगळी चित्रं विखुरलेली. एकही एक्का नाही, आणि राणी-गुलामाची जोडी हात मिळवून देण्याआधी प्रतिपक्षाला दोन हात देऊन बसते. ‘वीसचा नियम’ म्हणजे पॉइंट अधिक सर्वांत लांब दोन रंगांची लांबी; बेरीज २० किंवा जास्त आली तर उघडायचं. पहिल्या संचाला तो बरोबर २० देतो, दुसऱ्याला १९. नियम कामाचा आहे, पण आकडा काढून झाल्यावर पानांकडे पुन्हा एकदा बघा. हुकूम ठरला तर या पानांनी किती हात येतील, असं स्वतःला विचारा. याचं उत्तर द्यायची सवय लागली की पारख आपोआप येते.

बोली चालू असताना त्याच पानांची किंमत बदलते का?

बदलते, आणि ब्रिजमधली सर्वांत सुंदर गोष्ट मला हीच वाटते. तुम्ही १ इस्पिक उघडलंत. भिडू थेट ४ किलवर बोलला, म्हणजे स्प्लिंटर: इस्पिकची चार पानं आहेत, गेमपुरती (बोनस मिळवून देणाऱ्या ४ इस्पिकसारख्या बोलीपुरती) ताकद आहे आणि किलवरचं जास्तीत जास्त एकच पान आहे. समजा तुमच्याकडे इस्पिक एक्का, राणी, ८, ६, ३ आणि बदाम राजा, ७ आहे. उरलेली पानं दोन तऱ्हांनी असू शकतात:

एकदा चौकट ८, ४, २ आणि किलवर राजा, राणी, ५.
एकदा चौकट राजा, राणी, ४ आणि किलवर ८, ५, २.

दोन्ही वेळा पॉइंट १४च. आता भिडूची पानं मांडून पाहा: इस्पिक राजा, गुलाम, ७, ४; बदाम एक्का, ९, ६, ३; चौकट एक्का, गुलाम, ९, ५; किलवर ६.

पहिल्या तऱ्हेत किलवरचे राजा-राणी भिडूच्या एकट्या छक्कीसमोर वाया जातात. किलवरचा एक्का जातोच, वर चौकटीत बहुधा एक तरी हात जातो. सहाची, म्हणजे बारा हातांच्या स्लॅमची, आशा जवळपास नाही. दुसऱ्या तऱ्हेत किलवरचा एक हात दिला, एक किलवर कापला, एक चौकटीच्या चौथ्या पानावर टाकून दिला. इस्पिकचे ५, कापलेला १, बदामाचे २, चौकटीचे ४, असे १२ हात झाले. म्हणून पहिल्या तऱ्हेत ४ इस्पिकवर थांबायचं, दुसऱ्या तऱ्हेत स्लॅमकडे जायचं. भिडूच्या एका बोलीनं ५ पॉइंटांचं मोल एकदा शून्याजवळ नेलं, एकदा दुप्पट केलं. ही मोजदाद टेबलावर करायला वेळ लागतो. घ्या. पण मग तो वेळ भिडूच्या कानावर पडू नये याची काळजी कशी घ्यायची, ते पुढे आहे.

गेम किती खात्री असताना बोलायची?

हिशेब गुणांच्या पद्धतीवर आहे. टीम मॅचमध्ये, म्हणजे आयएमपीवर (दोन टेबलांच्या गुणांतल्या फरकावरून मिळणारे गुण), व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही वाढलेले) असताना ४ इस्पिक झालं तर ६२०, पार्टस्कोअरवर (गेमपेक्षा खालच्या बोलीवर) थांबलात तर १७०. फरक ४५०, म्हणजे १० आयएमपी. एक हात कमी पडला तर उणे १००, थांबला असतात तर अधिक १४०. फरक २४०, म्हणजे ६ आयएमपी. ६ गमावून १० मिळवायचे असतील तर साडेसदतीस टक्के खात्री पुरते. म्हणून टीममध्ये व्हल्नरेबल गेम धाडसानं बोला. मॅचपॉइंटवर मात्र प्रत्येक टेबलाच्या निकालाशी तुलना होते, तिथे निम्मी खात्री हवी, आणि एका जादा हातानंही निकाल फिरतो.

भिडूनं बराच विचार करून पास दिला. मला बोलायचं होतंच. मग प्रतिपक्षानं डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) का बोलावलं?

हा वाद सर्वांत जास्त होतो आणि सर्वांत जास्त मनं याच्यात दुखावतात, म्हणून सविस्तर लिहितो.

विचार करणं गुन्हा नाही. भिडूनं अर्धा मिनिट घेतला तर त्यानं काहीही चूक केलेली नाही. पण त्या अर्ध्या मिनिटातून तुम्हाला काहीतरी कळलं, आणि ते बोलीतून आलेलं नाही. नियम १६ म्हणतो की अशा माहितीचा आधार घ्यायचा नाही. तुमच्यासमोर एकापेक्षा जास्त वाजवी पर्याय असतील, तर भिडूच्या विचारानं ज्याच्याकडे ढकललं तो पर्याय निवडायचा नाही. वाजवी पर्याय म्हणजे तुमच्या तोडीच्या, तुमचीच पद्धत खेळणाऱ्या खेळाडूंपैकी बऱ्याच जणांनी गंभीरपणे विचारात घेतला असता आणि काहींनी निवडलाही असता असा.

माझ्याच बाबतीत झालेलं सांगतो. भिडूनं १ इस्पिक उघडलं, उजवीकडून २ बदाम आलं, मी २ इस्पिक बोललो, डावीकडून ४ बदाम. भिडू थांबला. बोटं बिडिंग बॉक्सवर, मग पानांवर, पुन्हा बॉक्सवर. शेवटी हिरवं पासचं कार्ड. उजवीकडून पास आणि बोली माझ्याकडे. माझ्याकडे ८ पॉइंट, इस्पिकची तीन पानं, बदामाचं एकच. मी ४ इस्पिक बोललो आणि ते झालं. डायरेक्टरनं माझी पानं आणि बोली चार खेळाडूंना दाखवली, भिडूच्या विचाराबद्दल अवाक्षर न काढता. दोघांनी पास सांगितला. निकाल ४ बदामावर बदलला. त्या संध्याकाळी मला राग आला होता, कारण मी मनात कसलीही लबाडी आणली नव्हती. पण नियम मनाचा तपास करत नाही. त्या चौघांपैकी दोघं जिथे थांबले तिथे मी पुढे गेलो, आणि पुढे जाण्याकडे बोट दाखवणारी गोष्ट टेबलावर घडून गेली होती. निर्णय बरोबर होता.

आता दुसरी बाजू. प्रत्येक संथ बोली काहीतरी ठोस सुचवते असं नाही. भिडूनं १ इस्पिकवर वेळ लावून ३ इस्पिक असं गेमचं आमंत्रण दिलं तर त्याला २ कमी वाटलं की ४ जास्त, हे त्या वेळातून कळत नाही. अशा वेळी तुम्ही ४ बोललात तर डायरेक्टरनं निकाल बदलायला आधार नसतो. पण पेनल्टी डबल (समोरच्यांची बोली पडेल असं सांगणारं) संथपणे आलं तर ते ‘मला खात्री नाही’ एवढं सांगतं, आणि तुम्ही ते उचलून दुसरी बोली दिलीत तर प्रश्न विचारला जाणारच. संथ पास हा माझ्या उदाहरणासारखा: बहुधा ‘आणखी थोडं आहे’ असं सांगणारा.

मोठ्या स्पर्धांत टेबलावर आडवा पडदा असतो तो याचसाठी. बोलीचा ट्रे पलीकडे जातो, आणि वेळ कुणी लावला हे भिडूला नेमकं कळत नाही.

डायरेक्टरला बोलावणं म्हणजे समोरच्यावर लबाडीचा आरोप नाही का?

नाही. काही चुकीचं घडलंय असं कुणी निदर्शनाला आणलं की लगेच डायरेक्टरला बोलवायचं, हेच नियमाचं सांगणं आहे. चौघांनी आपसात मिटवणं नियमात बसत नाही. हाक मारताना आवाज साधा ठेवा, समोरच्याकडे न बघता ‘डायरेक्टर, प्लीज’ एवढंच म्हणा, आणि काय घडलं ते त्याच क्रमानं सांगा. काय वाटलं ते सांगू नका.

उजवीकडून १ इस्पिक आलं आणि मी चुकून १ बदाम बोललो. आता?

आधी डावीकडच्याला विचारलं जातं. त्यानं अपुरी बोली मान्य केली तर खेळ तसाच पुढे. नाही केली, तर तुम्ही २ बदाम केलंत की कसलाही भुर्दंड नाही, पण १ बदाममुळे भिडूला जादा काही कळलं असेल आणि त्यानं निकाल बिघडला असेल, तर डायरेक्टर निकाल बदलू शकतो. दुसरी बोली निवडलीत आणि तिचा अर्थ मूळ बोलीच्या जवळपास नसेल, तर भिडूला उरलेल्या बोलीत पासच द्यावा लागतो. डायरेक्टर येईपर्यंत घाईनं काहीही बदलू नका.

डमीला ‘टाक काहीही’ म्हटलं तर?

हे आपल्याकडे फार ऐकू येतं, म्हणून मुद्दाम सांगतो. रंग सांगितला आणि पान सांगितलं नाही, तर त्या रंगाचं सर्वांत लहान पान पडतं. ‘मोठं’ म्हटलं तर सर्वांत मोठं. पण ‘काहीही’, ‘कोणतंही’ म्हटलं तर डमीचं पान कोणतं पडावं हे प्रतिपक्षातला कोणीही सांगू शकतो. एका काकांच्या डमीत शेवटी इस्पिकची राणी आणि किलवरची तिर्री उरली होती. दोन्ही निरुपयोगी समजून ते चौकटीच्या उतारीवर म्हणाले, ‘टाक काहीही.’ प्रतिपक्षानं राणी मागितली. पुढच्या उतारीला इस्पिकचा गुलाम आला आणि जो हात राणीचा होता तो गेला. काकांनी डायरेक्टरला बोलावलं, पण राणी ठेवायचीच होती असं त्यांना प्रामाणिकपणे म्हणता येईना. प्रत्येक वेळी रंग आणि पान दोन्ही बोला, अगदी एकच पान उरलं असलं तरी.

रंग असून दुसरं पान टाकलं. किती हात जातात?

चूक पुढच्या हाताला तुम्ही किंवा भिडूनं पान टाकण्याआधी लक्षात आली तर दुरुस्त करावीच लागते. बचाव करत असाल तर चुकीचं पान उघडं पडून राहतं. त्यानंतर लक्षात आली, तर दोन शक्यता: तो हात चुकलेल्याच खेळाडूनं जिंकला असेल तर तो हात आणि त्यानंतर त्या बाजूनं जिंकलेला आणखी एक, असे दोन जातात. नसेल जिंकला, तर त्या हातापासून पुढे त्या बाजूला एक तरी हात मिळाला असेल तर एक जातो. नुकसान त्याहून जास्त असेल तर डायरेक्टर ते भरून काढतो. भिडूला ‘किलवर नाही?’ असं विचारायची सवय ठेवा.

पानं उघडून ‘उरलेले सगळे माझे’ म्हटलं आणि समोरचे मान्य करत नाहीत.

क्लेम करताना कसे खेळणार ते आधी सांगा, विशेषतः बाहेर हुकमाचं पान उरलं असेल तर ते काढणार असं शब्दांत म्हणा. ते सांगितलं नाही, ते पान तुम्ही विसरला असण्याची शक्यता दिसली, आणि निष्काळजी पण नेहमीच्या खेळात ते पान एक हात मिळवू शकत असेल, तर डायरेक्टर तो हात समोरच्यांना देतो.

रोबो भिडू माझ्या बोलीचा अर्थ कसा लावतो?

ब्रिज बेस ऑनलाइनवरचा जिब हा रोबो मॅथ्यू गिन्सबर्ग यांच्या प्रोग्रॅममधून आला. १९९८ मध्ये संगणकांच्या जागतिक ब्रिज स्पर्धेत तो पहिला आला होता. त्याच्याकडे प्रत्येक बोलीचं ठरलेलं वर्णन असतं: पॉइंट इतके ते इतके, इस्पिक पाच किंवा जास्त, पुढच्या फेरीपर्यंत पास नाही, असं. बोलीवर बोट ठेवलं की ते वर्णन दिसतं. रोबो त्या ओळीवर शंभर टक्के विश्वास ठेवतो. तुमचा स्वभाव, तुमचा वेग, मागच्या बोर्डावर तुम्ही किती आगाऊ बोललात, यातलं काही त्याच्या हिशेबात नसतं.

म्हणून रोबोबरोबर एकच शिस्त पाळा: बोली आधी निवडून मग वर्णन वाचण्यापेक्षा, तुमच्या पानांशी जुळणारं वर्णन शोधा आणि ती बोली द्या. भिडूच्या १ नो ट्रम्पवर ४ नो ट्रम्प बोललात आणि मनात एक्के विचारायचे होते, तर वर्णन बघा, तिथे बहुधा सहाचं आमंत्रण लिहिलेलं असेल. जुना माणूस-भिडू तुमचा हेतू ओळखेलही. रोबो लिहिलेलंच वाचेल आणि कमी पानांवर पास देईल. पाच पानांवर वीक टू (कमी ताकदीची, लांब रंगाची दोनची बोली) उघडलंत तर तो सहा धरून चालेल आणि तीनच पानांवर वर नेईल.

वेळेचा प्रश्न मात्र इथे संपतो. तुम्ही तीन मिनिटं विचार केलात तरी रोबोला काही कळत नाही. स्प्लिंटरसारखी मोजदाद निवांत करायला ही जागा उत्तम आहे.

रोबोला फसवी बोली दिली तर चालते का? तो तर ओळखतच नाही.

पद्धतीबाहेरची बोली माणसांमध्येही नियमात बसते, अट एवढीच की भिडूला त्याची कल्पना प्रतिपक्षापेक्षा जास्त असता कामा नये. वारंवार केलीत आणि भिडू ओळखू लागला, की तो तुमचा अलिखित करार होतो आणि तो समोरच्यांना सांगावा लागतो. रोबो कधीच ओळखत नाही, म्हणून तिथे नियम मोडत नाही. पण रोबो तुमच्या खोट्या बोलीवर खऱ्यासारखा उभा राहतो, आणि बहुतेकदा पाच-सहाच्या पातळीवर तुम्हाला सोबत नेतो.

एक खास गोष्ट लक्षात ठेवा. ज्या रोबो स्पर्धांत माणसाला सर्वांत जास्त पॉइंट दिले जातात, तिथे पारखच बदलते. तुमच्याकडे ११ असतील तर उरलेले २९ तिघांत वाटलेले आहेत आणि कुणाकडेही ११ पेक्षा जास्त नाहीत. तिथे बनलेल्या सवयी क्लबात घेऊन येऊ नका. इथे पास दिलेल्या भिडूकडेही १२ असू शकतात, किंवा तुमच्या डावीकडच्याकडे २०.

रोबो बचावात कधी कधी राजा असा सहज का टाकून देतो?

तो बोलीशी जुळणाऱ्या अनेक वाटण्या मनाशी मांडतो, प्रत्येक वाटणी चौघांची पानं उघडी असल्यासारखी सोडवतो, आणि सरासरीनं पान निवडतो. उघड्या पानांत राजा पकडणारी चाल (फिनेस) सापडणारच असेल, तर राजा राखला काय आणि टाकला काय, त्याच्या हिशेबात सारखंच. माणसाला मात्र तो राजा कुठे आहे हे माहीत नसतं, आणि लपवण्यातच बचावाची अर्धी ताकद असते. हे रोबोच्या हिशेबात नीट उतरत नाही.

मग रोबो जगज्जेत्यांना हरवतात हे खरं का?

मार्च २०२२ मध्ये पॅरिसमध्ये नूक या प्रोग्रॅमनं आठ जगज्जेत्यांविरुद्ध डावांच्या ८० गटांपैकी ६७ जिंकले. पण तिथे फक्त ३ नो ट्रम्प खेळून काढायचं होतं. बोली नव्हतीच, आणि बचावही माणसं करत नव्हती. भिडूशी संवाद हा भाग त्या सामन्यात ठेवलाच नव्हता. जकार्त्याच्या २०१८ च्या आशियाई खेळांत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा ते ६० आणि ५६ वर्षांचे होते. जोडी म्हणून एकमेकांना ओळखणं हे वर्षांचं काम आहे.

ऑनलाइन खेळताना चुकीच्या बोलीवर बोट पडलं. मागे घेता येते?

टेबलावर, बोलायची होती एक आणि हातात आली दुसरी, असं असेल तर भिडू बोलेपर्यंत बदलता येते. विचार बदलला असेल तर नाही. ऑनलाइन स्पर्धांत हे आयोजकांवर अवलंबून असतं आणि अनेक ठिकाणी बंदच असतं. सुरू होण्याआधी विचारून घ्या.

नवा माणूस-भिडू मिळालाय. पहिल्याच दिवशी काय ठरवू?

१ नो ट्रम्प किती पॉइंटांवर (१५ ते १७ असेल तर तसं). इस्पिक-बदाम उघडायला पाच पानं हवीत का. २ किलवर सोडून दोनच्या बोल्यांचे अर्थ. टेकआउट डबल (भिडूनं आपला रंग सांगावा असं मागणारं) कोणत्या पातळीपर्यंत. १ नो ट्रम्पवर कोणी बोललं तर काय. पहिली उतारी रंगातल्या वरून चौथ्या पानाची की नाही. भिडूच्या एक्क्यावर मोठं पान टाकलं तर त्याचा अर्थ काय. अर्ध्या तासात एवढं होतं. मग दोन कार्डांवर सारखंच लिहा, एक तुमच्यापुढे, एक त्याच्यापुढे ठेवा. समोरच्यांनी विचारलं तर तेच दाखवायचं आहे.